खंडेनवमीला विझवलेला बॉयलर

बेंगळूरजवळच्या आनेकलमधे, बसस्टँडमागच्या गल्लीत त्रिविक्रमण्णांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांना बोलताना मधेच थांबवू शकेल असा तर नाहीच नाही. वय त्रेसष्ट, अंगकाठी सडसडीत, उजव्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा जुना डाग. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर इकडं आलं असं ते सांगतात. नेमकं कुठून आलं ते त्यांना माहीत नाही आणि त्याची त्यांना फिकीरही नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. गावाबाहेरच्या एका रेशीम रंगवायच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर चालवला. चिकपेटेच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या निम्म्या साड्यांच्या सुताला आपल्याच वाफेनं रंग चढला, असं ते खुशाल ठोकून देतात. निम्म्या राहू द्या, पण थोड्याफार साड्यांच्या बाबतीत ते खरं असावं.

इंधनाचा विषय त्यांच्यासमोर काढू नये. काढलात तर तासभर उठायचं नाव नको. नोकरीच्या सुरुवातीला लाकूड होतं: नीलगिरी, सुरू, क्वचित चिंच. मग शेंगांच्या टरफलांचे दाबून केलेले ठोकळे आले, मधे काही वर्षं फर्नेस ऑइल, आणि पुन्हा ठोकळे. वाळलेलं लाकूड किलोला साडेतीन हजार कॅलरी, ओलं निघालं की निम्म्यावर, तेल दहा हजार. हे आकडे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ. दोन लाकडं एकमेकांवर आपटून ते आवाजावरून ओल सांगत, त्यामुळं लॉरीवाले त्यांना वचकून असत. एकदा पावसात भिजलेली अख्खी लॉरी त्यांनी फाटकातून परत पाठवली आणि मॅनेजरनं लॉरीवाल्याची बाजू घेतली म्हणून त्याच्याशी तीन दिवस अबोला धरला.

मग कारखान्यात गॅसचा बॉयलर आला. पांढराशुभ्र, फ्रिजसारखा. बटण दाबलं की पेटायचा, आपला आपणच थांबायचा. पहिल्याच दिवशी त्रिविक्रमण्णांनी सवयीनं एका व्हॉल्वला हात घातला, तर नवा इंजिनिअर म्हणाला, “अण्णा, तुम्ही आता कशाला हात लावू नका. पॅनेल बघतं सगळं.” पोरगा उद्धट नव्हता, उलट त्यानं त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर त्यांनी नोकरीचे शेवटचे आठ महिने काढले. निवृत्तीला शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, फोटो निघाले. ते वाक्य मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. फार लागलं होतं ते.

वरचा मजला भाड्यानं दिलेला होता. निहार आणि सिद्धी, नागपूरचं जोडपं, दोघंही इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरवर काम करणारे. त्यांची मराठी त्रिविक्रमण्णांना अर्धी कळे, कारण उरलेली अर्धी इंग्रजीच असे. त्रिविक्रमण्णांची मराठी निहारला किती कळे हा वेगळाच प्रश्न. पण तो ‘काका’ म्हणायचा, पाणी जपून वापरायचा आणि जिन्यात चपला नीट लावायचा, एवढ्यावर त्याला चांगल्या माणसांत जमा केलेलं होतं.

एका रविवारी गळका नळ बघायला त्रिविक्रमण्णा वर गेले आणि निहारच्या मोठ्या पडद्यासमोर पान्हा हातात धरून उभेच राहिले. पडद्यावर बारा बॉयलर ओळीनं धूर सोडत होते. खाणीतून कोळसा निघत होता, पट्ट्यांवरून सरकत होता, लोखंडी हात तो उचलून बॉयलरमध्ये टाकत होते, आणि त्या वाफेवर तयार झालेल्या विजेवर भलामोठा कारखाना चालला होता. निहारनं सांगितलं की हा खेळ आहे: ओसाड जमिनीवर कारखाना उभा करायचा आणि शेवटी एक उडतं जहाज बांधून ते आकाशात सोडायचं. त्रिविक्रमण्णांनी विचारलं, सेफ्टी व्हॉल्व कुठं आहे? खेळात सेफ्टी व्हॉल्व नव्हता. बॉयलर धुवायचा कधी? धुवायचा नव्हताच. मग लाकूड ओलं की वाळलेलं ते कसं ओळखायचं? तर खेळात लाकूड म्हणजे लाकूड, एका ओंडक्याची ताकद तीन. कायम तीन. हे ऐकून त्रिविक्रमण्णांना राग आला, आणि राग आला म्हणजे त्यांचं मन बसलं असं त्यांच्या पत्नी कमलाबाई म्हणतात. नळ त्या दिवशी गळतच राहिला.

सिद्धीनं आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. माउस हातात बसायला पंधरा दिवस गेले. त्यानंतर रोज सकाळी सहा ते साडेसात, म्हणजे ऑफिसची बस येईपर्यंत, दोघं वर आणि हे खाली असा तिघांचा एकच कारखाना चाले. दिवसभर ती दोघं नसताना निहारच्या खोलीतला कॉम्प्युटर चालूच असे आणि कारखानाही. बघायला खाली त्रिविक्रमण्णा. बॉयलरखाना निहारनं रीतसर त्यांच्या नावावर केला, दारावर पाटी लावली: ‘त्रिविक्रमकाका, इनचार्ज’. ती पाटी त्यांनी कमलाबाईंना तीनदा बोलावून दाखवली. “घरात एक कुकर कधी लावला नाहीत,” त्या म्हणाल्या, “आणि बारा बॉयलर लावताय.” पण रोज साडेसहाला कॉफी लॅपटॉपजवळ आणून ठेवायला लागल्या त्याही त्याच.

इंधनाचा तक्ता निहारनं केला होता. ओंडका तीन, कोळशाचं ढेकूळ आठ, तेलाचा डबा वीस. आणि कोळशाचा चुरा नि तेल एकत्र दाबून यंत्रातून निघणारी काळी वीट, तिची ताकद पंचेचाळीस. बॉयलर सेकंदाला एक खायचा. म्हणजे एका ओंडक्यावर तीन सेकंद आणि एका विटेवर पाऊण मिनिट. तक्त्यात वीट सगळ्यात वर, लाकूड सगळ्यात खाली. दसऱ्याच्या तीन आठवडे आधी निहारनं कोळशाचा पट्टा उखडला आणि बाराही बॉयलर विटांवर आणले. त्रिविक्रमण्णांना हे पटलं नव्हतं. विटेत ताकद आहे हे कबूल, पण ती करायला यंत्र लागतं, यंत्राला वीज लागते, आणि वीज तर विटेतूनच येणार. असं इंधन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी तसं म्हटलंही, पण मराठीच्या दोन तऱ्हांमधे ते कुठंतरी सांडलं, आणि निहारनं तक्त्याकडं बोट दाखवलं.

एक गोष्ट त्यांनी गुपचूप केली. जागा साफ करताना तोडलेल्या झाडांचे दोनशे ओंडके एका पेटीत पडून होते. निहार म्हणाला, काका, हे टाकून द्या, नुसती जागा अडते. त्रिविक्रमण्णा हो म्हणाले आणि पेटी बॉयलरखान्याच्या मागं नेऊन ठेवली. बॉयलरवाला माणूस लाकूड टाकत नसतो. शिवाय दसरा जवळ आला होता.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. खंडेनवमी म्हणजे आयुधपूजा. त्या दिवशी आनेकलात वहाणा शिवायच्या सुईपासून बसच्या इंजिनपर्यंत काहीही काम करत नाही. त्रिविक्रमण्णांच्या कारखान्यात आदल्या संध्याकाळी बॉयलर विझवत. सकाळी तो पुसून, झेंडूच्या माळा घालून, कुंकू लावून पूजा होई, दारात कोहळा फोडत, सगळ्यांना कडलेपुरी, म्हणजे डाळं-चुरमुरे, वाटत, आणि दिवसभर बॉयलर थंड असे. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी, त्रिविक्रमण्णा पहिलं लाकूड आत ठेवत. पुढं तेल असो की ठोकळे, पहिलं लाकूडच. चौतीस वर्षांत यात एकदाही खंड नव्हता, गॅसचा बॉयलर येईपर्यंत.

तर नवमीच्या सकाळी नऊ वाजता स्कूटर धुऊन, तिच्या चाकांखाली लिंबं ठेवून झाल्यावर, त्रिविक्रमण्णांनी लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि मग तो उघडून बाराही बॉयलर बंद केले. आत उरलेल्या विटाही काढून पट्ट्यावर ठेवल्या. भट्टी रिकामी असावी लागते. पडद्यावरचे दिवे विझत गेले, पट्टे थांबले. त्यांना समाधान वाटलं. वरच्या दोघांना सांगावं असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. खंडेनवमीला यंत्र बंद ठेवायचं हे काय सांगायची गोष्ट आहे? आणि निहारच्या डोक्यात हे आलं नव्हतं की खेळातल्या यंत्राचीही कुणी खंडेनवमी पाळेल. जहाज पुरं व्हायला अजून सव्वा दिवस सलग वीज हवी होती, आणि दसऱ्याला संध्याकाळी सात वाजता नागपूरच्या मित्रांना ते उडताना दाखवायचं कबूल करून तो सिद्धीबरोबर येलहंक्याला तिच्या मावशीकडं जेवायला गेला होता.

दुपारी चारला ती दोघं परतली. साडेचारला त्रिविक्रमण्णांच्या फोनवर निरोप आला: काका, बॉयलर तुम्ही बंद केले का? त्यांनी अभिमानानं लिहिलं, होय, पूजा झाली, उद्या सकाळी पेटवू. मग लॅपटॉपवर त्यांना निहार धावताना दिसला. पट्ट्यावर राहिलेल्या चाळीस विटा त्यानं गोळा केल्या आणि बाराही बॉयलरमधे तीन-तीन, चार-चार टाकल्या. दिवे लागले, पण सगळ्या कारखान्यानं एकदम वीज ओढली. खाणीतली यंत्रं कण्हत फिरली, लोखंडी हात मुंगीच्या चालीनं हलले, आणि तीन मिनिटांच्या आत विटा जळून पुन्हा अंधार झाला. विटा संपल्या. खाण विजेवर, तेलाचा पंप विजेवर, विटांचं यंत्र विजेवर. कोळसा हातानं खणायची या खेळात सोय नव्हती. जंगल पार नकाशाच्या टोकाला होतं, आणि तिथून लाकूड आणणारी गाडीही विजेवर.

तेव्हा दुसरा निरोप आला. “काका, प्लीज आता कशाला हात लावू नका. रविवारची सेव्ह केलेली कॉपी आहे, उद्या तिच्यावर परत जाऊ. चार दिवसांचं काम जाईल. बॉयलरचं मी ऑटोमॅटिक करून टाकतो.”

त्रिविक्रमण्णांनी तो निरोप दोनदा वाचला. मग लॅपटॉप मिटला. झाकणावरचं कुंकू तळहाताला लागलं. आपण पुन्हा त्या खुर्चीवर येऊन बसलो, असं त्यांना वाटलं, आणि या खेपेला दोष आपलाच आहे हेही कळत होतं. कमलाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्या इंजिनिअरचं वाक्य आणि हे वाक्य अशी दोन्ही सांगून टाकली. कमलाबाईंनी थट्टा केली नाही. त्यांनी एवढंच विचारलं की तुमचा बॉयलर असा पुरता थंड पडला असता, तर तुम्ही काय केलं असतं? कपाळ धरून बसला असता?

हा प्रश्न बरोबर जागी लागला. त्रिविक्रमण्णांनी कॅलेंडरचं मागलं पान फाडलं आणि आकडेमोड केली. थंड बॉयलर पेटवताना वाफेचा मेन व्हॉल्व आधी बंद करतात. वाफ धरू द्यायची, खात्यांना सोडायची नाही, नाहीतर रंगाईवाले धुलाईवाले पहिला फुत्कारच पिऊन टाकतात आणि काटा वर चढतच नाही. निहारनं नेमकं उलटं केलं होतं, मेन उघडा ठेवून पेटवलं होतं. त्या चाळीस विटा एकाच बॉयलरला घातल्या असत्या, तर चाळीस गुणिले पंचेचाळीस, अठराशे सेकंद, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात नव्या विटा आल्याच असत्या. आता त्यांच्याजवळ दोनशे ओंडके. दोनशे त्रिक सहाशे, म्हणजे दहा मिनिटं. एकच बॉयलर, एकदाच. पुरतील की नाही हे त्यांना खरंच सांगता येत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी पावणेसहाला ते जिना चढले. रिकाम्या हातानं जाऊ नका म्हणून कमलाबाईंनी भिजवलेल्या मुगडाळीच्या कोसंबरीचा डबा दिला होता. दार सिद्धीनं उघडलं. निहार पडद्यासमोर बसलाच होता, रविवारची प्रत उघडायच्या बेतात. त्यानं डब्याकडं पाहिलं, मग काकांकडं पाहिलं.

“तुला न विचारता बंद केलो, ते माझं चुकलं,” त्रिविक्रमण्णा म्हणाले. “खंडेनवमी पाळलो ते चुकलं नाही. मला दहा मिनिटं दे. नाही झालं तर तुझ्या रविवारी जा, मी परत लॅपटॉप उघडणार नाही.”

“काका, इंधनच नाहीये ना पण.”

“दोनशे ओंडके आहेत. तू टाकायला सांगितलेले.”

सिद्धी हसली. निहारला हसू आलं नाही, पण त्यानं हात माउसवरून काढला. त्रिविक्रमण्णांनी विचारलं, बॉयलरखाना, खाण, पंप आणि विटांचं यंत्र एवढं ठेवून बाकी कारखान्याची वीज तोडता येते का? निहार म्हणाला, त्यात काय, दोन खांब काढले की झालं. असं म्हटल्यावर त्यानं काल आपण चाळीस विटा कशा उडवल्या ते मनाशी मोजलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. खांब त्यानं स्वतः काढले. सिद्धीनं खाणीतली अर्धी यंत्रं बंद केली.

त्रिविक्रमण्णा तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले, लॅपटॉप मांडीवर. पहिला ओंडका त्यांनी एकटाच ठेवला, सवयीनं. मग दहा-दहा घालू लागले. एका बॉयलरमधून धूर निघाला. खाणीत यंत्र फिरलं, पट्ट्यावर कोळसा दिसला, पंप हलला. निहार शेजारी येऊन उरलेले ओंडके मोजत होता. एकशेसाठ. एकशेवीस. विटांचं यंत्र भरत होतं, पण वीट पडत नव्हती. नव्वदावर पहिली वीट पडली आणि पट्ट्यावरून निघाली, आणि तो पट्टा त्या दिवशी किती लांब होता म्हणून सांगावं. पन्नास. चाळीस. सिद्धी उभी राहिली होती. बावीस ओंडके उरले असताना लोखंडी हातानं वीट उचलली आणि बॉयलरमधे टाकली.

निहार लगेच खांब लावायला निघाला. त्रिविक्रमण्णांनी त्याचं मनगट धरलं. “स्वल्प थांब. अजून वाफ धरू दे.”

निहार थांबला. दुसरा बॉयलर भरला, तिसरा भरला. बारावा भरायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर तिघांनी कोसंबरी खाल्ली. मग एकेक खांब लावून एकेक खातं सुरू केलं, सगळ्यात शेवटी जहाजाची गोदी. रविवारची प्रत उघडावी लागली नाही. जहाज मात्र संध्याकाळपर्यंत होणार नव्हतं. निहारनं मित्रांना कळवलं की शनिवारी उडेल. कारण काय लिहिलं ते त्रिविक्रमण्णांनी विचारलं नाही. त्यांना भीती वाटली, थेरडा घोटाळा करून बसला असं काही लिहिलं असलं तर.

शुक्रवारी सकाळी सहाला त्यांनी लॅपटॉप उघडला तेव्हा बॉयलरखान्यावरची पाटी आहे की गेली, हे त्यांनी आधी पाहिलं. पाटी होती. शेजारी एक तेरावा बॉयलर उभा होता, छोटा, वेगळा, त्याला पट्टा नाही की हात नाही, आणि पुढं ओंडक्यांसाठी रिकामी पेटी. भिंतीवर इंधनाचा तक्ता नव्यानं लावलेला. आकडे तेच होते, पण लाकडाची ओळ खालून उचलून सगळ्यात वर नेली होती आणि तिच्यापुढं लिहिलं होतं: ‘थंड बॉयलरसाठी. दोनशे, कायम शिल्लक.’

इतक्यात निहारच जिना उतरून खाली आला, चहाचा कप हातात, आणि दारातच उभा राहिला.

“काका,” तो म्हणाला, “पुढच्या खंडेनवमीला किती वाजता बंद करायचे? म्हणजे त्या हिशोबानं जहाजाचं लावतो.”

त्रिविक्रमण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कमलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या.

“आदल्या संध्याकाळी,” ते म्हणाले. “आणि ते दोनशे खोडून टाक. चारशे लिही. दोनशे जेमतेम पुरले.”